निदान कुणाच्या मुलाचं होतं?



बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. त्या मुलांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित. कॅनर यांनी त्याची नोंद घेतलीच, शिवाय या घरांत मायेची ऊब कमी दिसते, असंही लिहिलं. त्यातून मुलाच्या स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडणारा सिद्धांत बोकाळला. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. खरं तर, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच ऑटिझमची मुळं मेंदूच्या जडणघडणीत आहेत, असं मांडलं होतं. खुद्द कॅनर यांनीही १९६९मध्ये पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त ठरवलं. पण तोवर एका अख्ख्या पिढीतल्या आयांनी मुलाच्या काळजीसोबत हा डागही वाहिला होता.

शिकलेल्यांचीच मुलं का, याचं उत्तर बरंच साधं होतं: बाल्टिमोरपर्यंत पोहोचू शकत होते ते शिकलेलेच.

हे आकड्यांनिशी दाखवलं लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्याही एका स्वमग्न मुलीच्या आई. कॅम्बरवेल भागातली मुलं दवाखान्यात येण्याची वाट न पाहता शोधून तपासली, तेव्हा ऑटिझम सगळ्या थरांतल्या घरांत सापडला. १९८०च्या त्यांच्या लेखाचा रोख नेमका हाच होता की, वरच्या वर्गाचा भास निवडीतून झाला. पुढे २०१०मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना निदान झालेल्या मुलांची दाटी असलेले भाग सापडले. तिथले पालक आसपासच्यांपेक्षा जास्त शिकलेले निघाले. आणि २०१२मध्ये स्टॉकहोमहून वेगळंच चित्र आलं. मुलांची तपासणी सर्वांना खुली असलेल्या त्या शहरात कमी उत्पन्नाच्या घरांत प्रमाण उलट जास्त दिसलं. पालकांच्या शिक्षणाशी फारसं नातं उरलंच नाही. म्हणजे आईची पदवी मुलाला ऑटिझम देत नाही. तपासणी सरसकट होत नसेल, तिथे ती निदानाचं दार तेवढं उघडते.

आईबापांच्या वयाची गोष्ट वेगळी. तिथे शरीराचाही वाटा आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात जन्मलेल्या सुमारे ४९ लाख मुलांच्या नोंदींवरून दिसलं की, पंचविशी ते एकोणतिशीतल्या आयांच्या तुलनेत चाळिशी ओलांडलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमची शक्यता ५१ टक्क्यांनी जास्त. ऐकून पोटात गोळा येतो. पण त्या नोंदींत एकंदर प्रमाण होतं हजारी अडीच. दीडपट केलं तरी ते हजारी चारच्या आत राहतं. शेकडा सांगायचा आणि हजारी गिळायची, हा गरोदर बाईवर अन्याय आहे.

शिवाय बाप कुठे गेला? पाच देशांतल्या ५७ लाख मुलांच्या २०१६च्या अभ्यासात, विशीतल्या पालकांच्या तुलनेत चाळिशीतल्या आयांकडे वाढ १५ टक्के, तर पन्नाशीपुढच्या बापांकडे ६६ टक्के आढळली. विशीच्या आतल्या आयांकडेही ती १८ टक्के होती. आइसलँडच्या संशोधकांनी तर २०१२मध्येच दाखवलं होतं की, बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे मुलात साधारण दोन नवी जनुकीय उत्परिवर्तनं वाढतात. तरी आपल्याकडे लग्न लांबलं की बोलणी खाते ती मुलगीच.

आता घरचं बघू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरहूनच झाली. त्याचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे. दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याचं दोन वर्षांचं पोर तेव्हा कारखान्याच्या तळावरच्या कोपीत असतं. हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवं ते बोट करून दाखवत नाही, हात धरून आईला घागरीकडे ओढतं. आईला ते दिसतं. पण आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत दवाखाना दूरच. पुण्यातली संगणक अभियंता हेच लक्षण मोबाइलवर टिपते आणि पुढच्याच आठवड्यात तज्ज्ञाची वेळ घेते. दोघींची नजर सारखीच तीक्ष्ण. निदान मात्र एकीच्याच मुलाचं होतं, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सवलतीही त्यालाच मिळतात.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या. साखर कारखान्यांच्या तळांवर गाळप हंगामात तपासणी पथक जावं. केसपेपरवर आईच्या वयाशेजारी बापाचंही वय लिहिलं जावं. आणि मूल हाकेला ओ देत नाही, असं कोणतीही आई सांगेल, तेव्हा तिचं शिक्षण न पाहता, ‘थांबा, बोलेल’ असं न म्हणता, त्याच दिवशी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी तिच्या हातात द्या.