इंग्रजी कोटी आणि मराठी कान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर पन्नास वर्षे मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या या मंडळाच्या उत्सवात आम्ही इंग्रजी भाषेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. विषयाची निवड मात्र आम्ही जाणूनबुजून केली आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तीन भाषा एकत्र नांदतात. स्वयंपाकघरात मराठी, मंडईत या प्रांताची भाषा, आणि शाळा-कचेरीत इंग्रजी. इंग्रजीत आपण अर्ज लिहितो, हिशेब तपासतो, वादही घालतो. पण इंग्रजीत आपण हसतो का? एखादी भाषा आपल्या अंगवळणी पडली की नाही, याची खरी कसोटी विनोदात लागते. शब्दकोश पुढ्यात घेऊन निबंध लिहिता येतो. शब्दकोश पुढ्यात घेऊन हसता येत नाही.

अलंकार आपल्याला नवे नाहीत. इंग्रजांची ‘सिमिली’ म्हणजे आपली उपमा, ‘मेटाफर’ म्हणजे रूपक, ‘हायपरबोल’ म्हणजे अतिशयोक्ती. ‘ऑक्झिमोरॉन’ हा विरोधाभासाचा जवळचा नातलग, आणि ‘पन’ म्हणजे आपला श्लेष, बोलीतली कोटी. शाळेत हे सारे आपण गुणांसाठी पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. म्हणून आज व्याख्यांची उजळणी न करता, इंग्रजी भाषा इतकी कोटिबाज का झाली, एवढ्या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा आम्ही करणार आहोत.

पहिले कारण इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे काही शतके दरबाराची भाषा फ्रेंच व शेतकऱ्याची भाषा इंग्रजी अशी वाटणी झाली. गोठ्यात राखण करणाऱ्याने जनावराला ‘काऊ’, ‘शीप’ म्हणावे, आणि तेच ताटात आले की खाणाऱ्याने त्याला ‘बीफ’, ‘मटन’ म्हणावे! धर्मपीठातून व विद्यापीठांतून लॅटिन शब्द आले ते वेगळेच. त्यामुळे ‘राजाला शोभेसे’ म्हणायला ‘किंग्ली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ असे तीन शब्द एकाच घरात राहू लागले. त्यातच साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पार पालटले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता. त्यामुळे लेखन हळूहळू ठरून गेले आणि उच्चार मात्र पुढे धावत राहिले. शिलेदार या अर्थाच्या ‘नाइट’मधील आरंभीचा ‘क’ एके काळी स्पष्ट उच्चारला जाई. तो झिजला, आणि शिलेदार व रात्र हे दोन्ही शब्द कानाला एक झाले. ‘सन’ म्हणजे सूर्य आणि ‘सन’ म्हणजे पुत्र, हीही तशीच जोडी. डोळ्यांना दोन आणि कानाला एक दिसणारे असे शेकडो शब्द ज्या भाषेत आहेत, तिथे कोटी करणाऱ्याची नित्य दिवाळीच!

दुसरे कारण व्याकरणात आहे. इंग्रजीने आपले बहुतेक विभक्तिप्रत्यय टाकून दिले आहेत. नामांचे लिंगही तिने सोडले आहे. नाम केव्हा क्रियापद होईल याचा नेम नाही. एक प्रसिद्ध गंमत पाहा : ‘टाइम फ्लाइज लाइक अॅन अॅरो, फ्रूट फ्लाइज लाइक अ बनाना.’ पहिल्या भागात काळ बाणासारखा उडतो. त्याच चालीने दुसरा भाग ऐकावा, तर फळ केळ्यासारखे उडू लागते! मग ध्यानात येते की, इथे ‘फ्लाइज’ म्हणजे माशा आणि ‘लाइक’ म्हणजे आवडणे. आता हेच मराठीत सांगून पाहा. ‘फळांवरच्या माशांना केळे आवडते.’ त्या ‘ना’ प्रत्ययाने सारे गुपित फोडले. विनोद जागीच गतप्राण झाला.

म्हणजे मराठीत कोटी होत नाही काय? अवश्य होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, अत्रे आणि पु. ल. यांच्या भाषेला तसे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पण मराठीत प्रत्यय आणि लिंग हे दोन पहारेकरी दारात उभे असतात आणि कोटी करणाऱ्याला त्यांची नजर चुकवून आत शिरावे लागते. समजा, एखाद्या मंडळाची निवडणूक झाली. एका उमेदवाराला हार मिळाला, दुसऱ्याला हार मिळाली. एका मात्रेने एकाच्या गळ्यात फुले पडली आणि दुसऱ्याचे तोंड उतरले! हा पुल्लिंगी हार आणि स्त्रीलिंगी हार यांतला भेद कानाने टिपणे, हेच मराठी येणे. जे मूल सहजच ‘ती वेळ’ आणि ‘तो वेळ’ यांतला फरक जाणते, त्याला हे हसू फुकट मिळते. ज्याला तो जाणवत नाही, त्याला कितीही समजावून सांगितले तरी पदरात व्याकरण पडते, हसू पडत नाही.

कोटीची प्रतिष्ठा इंग्रजीतही वादग्रस्तच राहिली. शेक्सपिअरला तिचा इतका सोस की ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील मर्क्युशिओ प्राण जाता जाताही ‘ग्रेव्ह’ या शब्दावर कोटी करतो. गंभीर असाही त्याचा अर्थ आणि थडगे असाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांना प्रस्तावना लिहिली, तेव्हा या खोडीवर कडक टीका केली. अँटनीने क्लिओपात्रापायी राज्य घालवले, तसे शेक्सपिअरने कोटीपायी आपले सर्वस्व गमावले, असा त्यांचा आशय होता. गंमत अशी, की ही तक्रार करतानाही जॉन्सनसाहेबांना एका उत्तम अलंकाराचाच आधार घ्यावा लागला! ‘हॅम्लेट’ तर आल्या आल्याच शब्दांशी खेळू लागतो. आगरकरांनी त्याचे ‘विकारविलसित’ १८८३ साली मराठीत आणले. अशा स्थळी भाषांतरकाराला दोनच वाटा असतात : अर्थ राखावा आणि हसू सोडावे, किंवा हसू राखण्यासाठी आपल्या भाषेत नवी कोटी घडवावी.

चुकीच्या शब्दांतूनही हसू पिकते. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या १७७५ सालच्या नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाची बाई आहे. जड शब्द वापरण्याची तिला फार हौस, पण नेमका शेजारचाच शब्द तिच्या तोंडी येतो. ‘अॅलिगेटर’ म्हणजे मगर म्हणायचे, तर ती रूपककथेचा ‘अॅलेगरी’ हा शब्द वापरते. तिच्या नावावरून अशा घोटाळ्याला ‘मॅलाप्रॉपिझम’ म्हणू लागले. आपल्याकडे एखाद्या सूत्रसंचालकाने ‘आता मी पाहुण्यांचा पराजय करून देतो’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख विल्यम स्पूनर (१८४४–१९३०) यांच्या जिभेवर अक्षरे जागा बदलीत, अशी ख्याती होती. ‘मिस्ड माय हिस्टरी लेक्चर्स’ याचे त्यांनी ‘हिस्ड माय मिस्टरी लेक्चर्स’ केले, ही त्यांच्या नावावरची आख्यायिका. यांपैकी बहुतेक किस्से विद्यार्थ्यांनीच रचलेले. पण ‘स्पूनरिझम’ हा शब्द कोशात कायमचा बसला. घाईच्या सकाळी ‘चहाचा कप’ मागताना ‘कहाचा चप’ मागणारे आपल्या घरीही सापडतील.

इंग्रजी विनोदाचा आणखी एक खास प्रकार म्हणजे ‘अंडरस्टेटमेंट’, अर्थात असेल त्यापेक्षा कमी करून सांगणे. उत्तम म्हणायचे असले की इंग्रज ‘नॉट बॅड’ म्हणतो. आपल्याकडेही पोटभर जेवून ‘बरी झाली होती हो आमटी’ म्हणणारे जावईबुवा आहेतच. पण हे हसू केव्हा केव्हा फार महाग पडते. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशायर पलटणीला चिनी फौजांनी वेढले. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे थोडी चिकट आहे, असे कळवले, असे सांगितले जाते. इंग्रजाच्या कानाला तो आकांत होता. अमेरिकनाच्या कानाला ती किरकोळ अडचण वाटली. त्या पलटणीतील बहुतेक शिपाई मारले गेले किंवा कैद झाले. भाषा एकच, पण कान निराळे.

आता आपल्या देशाशी संबंध असलेली कोटी. १८४३ साली सर चार्ल्स नेपियर यांनी सिंध जिंकला. पुढच्या वर्षी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात मजकूर आला की, सेनापतीने विजयाची वार्ता एकाच शब्दात कळवली : ‘पेक्काव्ही’. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘मी पाप केले आहे’. इंग्रजीत तो होतो ‘आय हॅव सिन्ड’, आणि कानाला ऐकू येते ‘आय हॅव सिंध’, सिंध माझ्या हाती आला! ही कोटी नेपियरची, असा समज पुष्कळ काळ होता. वास्तविक ती कॅथरिन विंकवर्थ या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने रचून ‘पंच’कडे धाडली होती. लंडनने हसून दाद दिली. पण ज्यांचे राज्य गेले, त्या सिंधच्या अमिरांना या शब्दाचा पहिलाच अर्थ खरा वाटला असता. कोटीला दोन अर्थ असतात. कोणता अर्थ कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहावे लागते.

याच्या उलट निरागस खेळ एडवर्ड लिअरचा. लिमरिक लोकप्रिय करणारा हा चित्रकार-कवी १८७३ ते १८७५ या काळात हिंदुस्थानात फिरला. आपले शब्द त्याच्या कानाला गोड लागले आणि अर्थाची पर्वा न करता त्याने ‘द कमरबंड’ ही कविता लिहिली. १८७४ साली ती मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. तीत चपराशी हे सोनेरी परांचे मासे आहेत, धोबी हे बसण्याचे आसन आहे, आणि कमरबंद हा बाईला गिळणारा भयंकर प्राणी आहे! पुढे १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला, त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नावही असेच जन्मले. मोहरममधील ‘या हसन, या हुसैन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांच्या कानांनी ते रूप केले होते. परक्या कानाला शोकातही गंमत ऐकू येते, याची ती खूण आहे.

या साऱ्यातून आपल्यापुरते दोन बोध निघतात. पहिला असा, की भाषांची सरमिसळ झाल्याने भाषा बुडत नाही. इंग्रजीने फ्रेंच, लॅटिन आणि आपले ‘शॅम्पू’, ‘बंगलो’ही पचवले आणि त्यातून ती हसायला शिकली. आपली मुले मराठीत परप्रांतीय शब्द मिसळतात म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा. शब्द उसने घेता येतात, कान उसना घेता येत नाही. तो घरातच तयार होतो. आजोबांनी जेवताना केलेल्या कोटीवर नातवाने हसण्यातून तयार होतो. ज्या दिवशी आजोबा कोटी करतील आणि नातू ‘म्हणजे काय?’ असे इंग्रजीत विचारील, त्या दिवशी घरात मराठी बोलली जात असेल, पण ती राहती नसेल. म्हणून मुलांना मराठीत केवळ सुविचार आणि श्लोक देऊ नका. त्यांच्याशी मराठीत थट्टा करा, उखाणे घाला, कोडी घाला, आणि त्यांनी केलेल्या वेड्यावाकड्या कोटीलाही मोकळेपणाने दाद द्या.

आपल्या साहित्यशास्त्रात एक सभंग श्लेष आहे. ‘सुवर्ण’ म्हणजे सोने. तोच शब्द फोडला की ‘सु-वर्ण’, म्हणजे चांगली अक्षरे. या मंडळाचा सुवर्णमहोत्सव दोन्ही अर्थांनी साजरा होवो, आणि या सभागृहात पुढची पन्नास वर्षे मराठी कोटीला तत्काळ हशा मिळत राहो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.