पाय बधिर आहेत, मग आग कसली होते?

(दिल्ली आणि आसपासच्या मराठी रेल्वे कामगारांच्या सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर बोनस आहे, क्वार्टरच्या पाण्याचा प्रश्न आहे, बदल्या आहेत. त्यावर इतर मंडळी बोलतील. आम्ही एक वेगळा विषय मागून घेतला आहे. कामावर पाठीचा कणा मोडलेल्या आपल्या माणसांना नसांची जी वेदना होते, वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही आणि कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, त्या वेदनेबद्दल आम्हाला बोलायचे आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, डॉक्टरकी सांगायला उभे राहिलेलो नाही. पण या माणसांच्या फायली घेऊन आम्ही ऑफिसांचे आणि इस्पितळांचे जिने चढलो आहोत. तिथे जे ऐकले, जे समजून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमचा एक पॉइंट्समन होता. मूळचा विदर्भातला, नोकरीचा बहुतेक काळ दिल्लीत गेलेला. पावसात शंटिंग चालू असताना वॅगनच्या शिडीवरून पाय घसरला आणि छातीच्या पातळीवर कणा मोडला. ऑपरेशन झाले, जीव वाचला, माणूस चाकाच्या खुर्चीवर आला. छातीखाली स्पर्श कळत नाही, पाय हलत नाहीत. चार-पाच महिन्यांनी तो म्हणू लागला की दोन्ही पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे होतात, मध्येच विजेचा झटका बसतो, छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखे वाटते. ऑफिसातल्या साहेबांनी फाईल उघडली आणि म्हणाले, "खालचे काही कळत नाही असे तुझ्याच कागदावर लिहिले आहे. मग दुखते काय?" आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न फक्त साहेबांनीच विचारला असे नाही. शेजाऱ्यांनी विचारला, सोबत काम करणाऱ्यांनी विचारला, घरच्यांच्याही मनात तो होता.

याचे उत्तर आपल्या लोकांना पटकन समजेल, कारण आपण सिग्नल आणि केबल पाहिलेली माणसे आहोत. मज्जारज्जू म्हणजे डोक्यातल्या कंट्रोलपासून खाली गेलेली केबल. ती मध्ये चिरडली की खालचा निरोप वर पोचत नाही, म्हणून पाय बधिर. पण चिरडल्या जागेच्या आसपासच्या आणि वरच्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या बिथरतात आणि आपणहून निरोप पाठवू लागतात. सेक्शनमध्ये गाडी नाही तरी केबिनमध्ये घंटा वाजत राहावी, तसे. केबिनमधल्या माणसाला घंटा खरीच ऐकू येते. ती खोटी आहे असे त्याला सांगून काय उपयोग? मेंदूला पाय जळताना कळतात, तेव्हा त्या माणसाचे पाय जळतच असतात.

हा प्रकार दुर्मिळ नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना नसांची वेदना होते असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. दिवसा कामात मन गुंतलेले असते, पण रात्री पडल्यावर ती वाढते. चादरीचा स्पर्शही काहींना सोसवत नाही. आणि दिल्लीची डिसेंबर-जानेवारीची थंडी तर विचारू नका. धुक्याच्या रात्री आपण शेकोटीजवळ बसतो, त्या रात्री ही माणसे दात आवळून सकाळची वाट पाहतात.

शेकोटीवरून आठवले म्हणून इथेच सांगून टाकतो. वहिनींनी नीट ऐकावे. पाय थंड वाटतात, दुखतात म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर पायाशी ठेवू नका. आग आतून होते, पण बाहेरचा चटका त्या पायाला कळत नाही. कातडी भाजून फोड येतात, जखम चिघळते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. दुसरे असे की रोजची वेदना एकाएकी वाढली किंवा तिची जागा बदलली, तर "नेहमीचेच आहे" म्हणून सोडू नका. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, बैठकीची जखम, बद्धकोष्ठ, यांची ओरड अशीच वेदनेतून येते, कारण त्या माणसाला दुसरी जाणीवच उरलेली नसते. क्वचित मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होते आणि ती वाढत जाते. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल आणि अचानक डोके ठणकून घाम फुटला, तर रक्तदाब भलताच चढलेला असू शकतो. माणसाला उठवून बसवा, लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहा आणि तसेच इस्पितळ गाठा.

औषधांचे म्हणाल तर अंगदुखीच्या साध्या गोळ्या या वेदनेवर फारशा चालत नाहीत. चाकाची खुर्ची ढकलून खांदे भरतात, त्यावर त्या चालतील. नसांसाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अॅमिट्रिप्टिलीन अशी औषधे देतात. त्यांनी वेदना पुसली जात नाही, कमी होते, आणि तीही सगळ्यांची नाही. झोप येते, चक्कर येते, तोंड कोरडे पडते. मनाने डोस वाढवायचा नाही आणि एकदम बंदही करायचे नाही. म्हणूनच रेल्वेच्या दवाखान्यात औषध संपले, पुढच्या आठवड्यात या, हे उत्तर आम्ही मान्य करीत नाही. आठवडाभर गोळी नाही म्हणजे आठवडाभर झोप नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नसांचे कॅलेंडर आणि प्रशासनाचे कॅलेंडर जुळत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर कामावरील इजेसाठी जी रजा मिळते तिचा हिशोब असा: इस्पितळात असेपर्यंत पूर्ण पगार, सुटी मिळाल्यावर सहा महिने पूर्ण पगार आणि नंतर बारा महिने अर्धा पगार. कागदावर बरे दिसते. पण ही वेदना पुष्कळदा काही महिन्यांनी सुरू होते आणि पुढे चढत जाते. म्हणजे इस्पितळाच्या कागदात तिचे नाव नाही, आणि ती ऐन भरात येते तेव्हा पगार अर्ध्यावर आलेला असतो. घरभाडे थांबत नाही, शाळेची फी थांबत नाही. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी कानाशी लागतो, "कशाला त्रास काढतोस? निवृत्ती घे, मुलाला अनुकंपेवर लावून टाकू." त्या पॉइंट्समनलाही असा तयार टाईप केलेला अर्ज दाखवला होता. रात्रभर न झोपलेला माणूस सकाळी कशावरही सही करील.

सही करू नका. १९९५ च्या अपंग कायद्याच्या कलम ४७ ने जे संरक्षण दिले होते, ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) मध्ये कायम आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, अतिरिक्त पदावर ठेवायचे. २००३ मध्ये कुणाल सिंग या पाय गमावलेल्या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याला अपंगत्वाची पेन्शन दिली, एवढ्याने हे संरक्षण नाकारता येणार नाही. साहेबांना हा निकाल माहीत नसतो असे नाही.

आमचा पॉइंट्समन आज त्याच पगारावर स्टोअरच्या कागदांचे काम करतो. पण टेबल दिले म्हणजे झाले का? त्याला दर दोन-तीन तासांनी अर्धा तास आडवे व्हावे लागते, म्हणून त्याच्या गैरहजेरीचे शेरे मारले गेले. त्याच कायद्यात वाजवी सोयी देण्याचे बंधन आहे. खोलीत एक बाकडे, चांगली गादी, तळमजल्यावरची जागा, थंडीत कामाची वेळ थोडी पुढे, यात रेल्वेचे दिवाळे निघणार नाही. हा विषय आपण वाटाघाटीच्या बैठकीत लेखी नेला आहे. बाकडे मिळाले आहे, शेरे अजून पुसलेले नाहीत.

काही अधिकारी मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण तोंडावर फेकतात. सांगली जिल्ह्याचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. आम्हालाही त्यांचा अभिमान आहे. दिल्लीत वसंत कुंजला मणक्याच्या इजेचे जे मोठे इस्पितळ आहे, ते उभे करणारे मेजर अहलुवालिया १९६५ मध्ये एव्हरेस्टवर चढले आणि त्याच वर्षी युद्धात गोळी लागून खुर्चीवर आले. त्यांनी पुढच्या माणसांसाठी इस्पितळ बांधले. पदकाचा उपयोग दुसऱ्याला कामचुकार ठरवायला करणाऱ्यांनी आधी एक बाकडे द्यावे.

ठेकेदाराच्या माणसांचे दुखणे याहून कठीण. तो ट्रॅकवर आपल्या शेजारीच राबतो, पण कलम २०(४) त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला मिळते ती नुकसानभरपाई. पूर्वी १९२३ च्या कायद्याने मिळे, आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती तरतूद आली आहे. रक्कम ठरते ती कमाईची ताकद किती गेली त्यावर. तेव्हा त्याच्या तपासणीच्या कागदावर फक्त पायांची ताकद नव्हे, वेदनाही लिहिली गेली पाहिजे. अपघात झाल्याबरोबर आम्हाला कळवा, ठेकेदाराचा मुकादम "घरी नेऊन सोडतो" म्हणायच्या आत.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आजपासून एक वही करावी. तारीख, वेदना कुठे, कशी, किती वेळ, रात्री झोप किती, कोणती गोळी. दर खेपेला डॉक्टरांना ती दाखवून केसपेपरवर "नसांची वेदना" असे शब्द लिहून घ्यावेत. वहीची आणि केसपेपरची झेरॉक्स येत्या महिनाअखेरपर्यंत शाखा कार्यालयात आणून द्या. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी आमचे कार्यकर्ते येतील. चिठ्ठीवर नाव, पद आणि क्वार्टर नंबर लिहून आत्ता दाराशी बसलेल्या खजिनदारांकडे ठेवा.