खांदेरी : एक नाव, एक दुर्ग, दोन पाणबुड्या



सातपुड्याच्या कुशीतील सौंसरहून समुद्र फार दूर. तथापि शिवचरित्राच्या वाचकाला ‘खांदेरी’ हे नाव परके नाही. अलिबागनजीकच्या थळ गावासमोर समुद्रात हे बेट आहे. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदीस आरंभ केला. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी गलबते धाडली. जंजिऱ्याचा सिद्दीही चालून आला. ऑक्टोबरच्या चकमकीत मराठ्यांनी इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज पकडले. लहान होड्या वेढा चुकवून बेटावर सामग्री पोचवीत राहिल्या. अखेर १६८० मध्ये इंग्रजांनी समेट केला. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

हेच नाव भारतीय नौदलाने १९६८ साली सोव्हिएत बांधणीच्या एका पाणबुडीस दिले. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली. नौदलांची रीत अशी की, नौका मोडीत निघते, नाव मात्र नव्या नौकेवर चढते. ‘विक्रान्त’ हे नाव १९९७ नंतर असेच थांबून २०२२ मध्ये परतले. फ्रान्समध्येही हीच प्रथा आहे. अठराव्या शतकात कारोमंडल किनाऱ्यावर इंग्रजांशी झुंजलेल्या सुफ्रां या सेनानीचे नाव तेथील अनेक युद्धनौकांनी धारण केले. आणि योगायोग पाहा : फ्रेंच आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी पुन्हा ‘खांदेरी’ म्हणून नौदलात दाखल झाली.

या नावाचा उगम मात्र दोन प्रकारे सांगितला जातो. २०१७ मधील जलावतरणाच्या वेळी दुर्गाचा उल्लेख झाला. २०१९ मध्ये एका शिकारी माशाचा. जलचरांची नावे पाणबुड्यांना देण्याची प्रथा असल्याने दुसरा अर्थही अस्थानी नाही. परंतु मासा पुढे आला आणि दुर्ग मागे पडला, तर पावसात दगड वाहणारे हात, होड्या हाकणारे नावाडी आणि मायनाक भंडारी हे सारेच त्या नावातून गळून पडतील. नाव उरेल, त्यातील स्मृती उरणार नाही.

नाव टिकविण्यास एक पाटी पुरते. अर्थ टिकविण्यास वाचणारी माणसे लागतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे. तो मान किल्ल्याचे दगड जपण्यास साह्य करील. त्या दगडांमागची कथा जपण्याचे काम मात्र सागरतीरापासून दूर असलेल्या अशा वाचनालयांचेही आहे. शंभर वर्षे कपाटांतून ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेला ते कठीण नाही. पुढच्या शतकात तिसरी ‘खांदेरी’ पाण्यात उतरेल, तेव्हा या नावाचा अर्थ विचारणाऱ्या मुलास सौंसरच्या कपाटातून उत्तर मिळावे, एवढीच या मंगल प्रसंगी अपेक्षा.