नकारानंतरचा अर्ज

(आपल्या ज्ञातिसंघाच्या पेण व रोहा शाखांनी संयुक्तपणे भरविलेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज या व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा गौरव झाला, त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि माझे आजचे बोलणे त्यांच्यासाठी नाही. गुणवंतांची नावे वाचली जात असता मागच्या रांगेत जी मुले मान खाली घालून बसतात, किंवा काहीतरी निमित्त सांगून जी आज घरीच राहिली, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी चार शब्द बोलावेत असे मी कार्यवाहांना सुचविले. त्यांनी ते मान्य केले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या पेण-रोह्याच्या घराघरांतून दरवर्षी काही मुले वैद्यकीय शिक्षणाची इच्छा धरतात. त्यांपैकी थोड्यांनाच पहिल्या वर्षी प्रवेश मिळतो. उरलेल्यांचे पुढे काय होते, याचा विचार आपण एक ज्ञाती म्हणून फारसा केलेला नाही. नकार आला की घरात सुतक पाळल्यासारखी शांतता पसरते, आणि आठ दिवसांनी कोणीतरी म्हणते, "पुन्हा बसव." पुन्हा बसविणे म्हणजे नेमके काय करणे, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. माझ्या विद्यार्थिदशेत इंटर सायन्सच्या गुणांवर प्रवेश मिळे. पुढे राज्याची सामाईक परीक्षा आली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश सर्वस्वी 'नीट' या राष्ट्रीय परीक्षेवर होऊ लागले. परीक्षा ७२० गुणांची. २०२५ साली तीत पुन्हा १८० प्रश्न व १८० मिनिटे असे जुने प्रमाण आले. त्यांत जीवशास्त्राचे ९० आणि भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा होतो. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात, ८५ टक्के राज्याच्या यादीतून. येथे पुष्कळ पालकांची एक गफलत होते. 'नीट'मध्ये पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पात्र ठरणे म्हणजे पंगतीच्या दाराशी पोहोचणे होय. आत आपले पान मांडलेले असेलच असे नव्हे.

आता मी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, परंतु ती न सांगता उपदेश करणे हे दांभिकपणाचे होईल.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. त्यातही भौतिकशास्त्र हा माझा आवडता विषय. माझी धाकटी कन्या २०१८ साली 'नीट'ला बसली आणि तिला प्रवेश मिळाला नाही. निकालानंतर आठ दिवसांच्या आत मी तिला परगावच्या एका शिकवणी वर्गात नेऊन घातले. पैसे भरले, वसतिगृह पाहिले, आणि माझे कर्तव्य संपले असे मानले. वर्षभर ती तीच पुस्तके, त्याच क्रमाने, त्याच रीतीने वाचीत राहिली. २०१९ चा निकाल आला तेव्हा पहिल्या वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या गुणांत नाव घेण्याजोगे अंतर नव्हते.

त्या रात्री प्रथमच मी तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत व अधिकृत उत्तरसूची समोरासमोर ठेवून बसलो. जीवशास्त्र उत्तम होते, रसायनशास्त्र बरे होते. भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांपैकी तिने ३८ सोडविले होते. त्यांतले १४ बरोबर आणि २४ चूक. म्हणजे ५६ गुणांतून २४ वजा जाऊन १८० पैकी उरले ३२. मी तिला विचारले, "हे तू मला कधी सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्याच विषयात मला येत नाही, हे तुम्हाला कसे सांगू?"

मंडळी, तीस वर्षे इतरांच्या मुलांच्या चुका मी तांबड्या शाईने दाखविल्या. स्वतःच्या मुलीला माझ्यासमोर चूक दाखविण्याची भीती वाटत होती, हे मला दोन वर्षे कळले नाही. तिचा पहिला अर्ज मी भरला होता, दुसराही मीच भरला होता. त्या दोन्ही अर्जांवर सही तेवढी तिची होती.

येथे मला आपल्याच जिल्ह्याशी जिचा ऋणानुबंध आहे अशा एका स्त्रीचे स्मरण होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते, आणि कल्याणहून त्यांची बदली अलिबागेस झाली होती. पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनरी गृहस्थास पत्र लिहिले. उत्तर आले ते अटीचे: ख्रिस्ती धर्म स्वीकारत असाल तर साह्य करू. ती अट उभयतांना मान्य नव्हती. म्हणजे पहिल्या प्रयत्नास नकारच मिळाला. तो पत्रव्यवहार मात्र एका नियतकालिकात छापला गेला. तो न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला, आणि त्यांच्या व आनंदीबाईंच्या पत्रांतून मायलेकींसारखा स्नेह जुळला. पुढे १८८३ च्या २४ फेब्रुवारीस आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन आपण परदेशी का जात आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगितले. अमेरिकेत पोहोचल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी जे पत्र गेले, तेही त्यांनी स्वतः लिहिलेले होते. त्यात आपल्या शिक्षणातील उणिवाही त्यांनी लपविल्या नाहीत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्या निवर्तल्या.

या चरित्रातून आपण सामान्यतः धैर्याचा धडा घेतो, आणि तो योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पहिले पत्र पतीने लिहिले होते, शेवटचे पत्र तिने लिहिले. मधल्या काळात ती इच्छा तिची स्वतःची झाली होती, आपल्यात काय आहे आणि काय कमी आहे हे तिला ठाऊक झाले होते. नकारानंतरचा अर्ज बळकट होतो तो याच मार्गाने. नुसते वर्ष लोटल्याने तो बळकट होत नाही.

तेव्हा ज्या घरात आज नकाराचे पत्र आहे, त्यांना माझे सांगणे असे की, पुन्हा बसण्याचा निर्णय घेण्यापूर्वी नकाराचे कारण शोधा. कारणे साधारणतः तीन असतात.

पहिले कारण गुणांचे. चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा. जे मुळात येतच नव्हते ते एक, येत असून गणितात वा वाचण्यात चुकले ते दुसरे, आणि वेळ संपत आल्याच्या घाईने जे ठोकून दिले ते तिसरे. प्रत्येकाचे औषध निराळे आहे. पहिल्यास अभ्यास हवा, दुसऱ्यास सराव हवा, आणि तिसऱ्यास परीक्षेच्याच वेळी, सलग तीन तास बसून पुऱ्या प्रश्नपत्रिका सोडविण्याची सवय हवी. हिशेब लक्षात घ्या. चुकीचे एक उत्तर बरोबर झाले तर चार नव्हे, पाच गुणांचा फरक पडतो. असे वीस प्रश्न सुधारले तर शंभर गुण होतात. नवी पुस्तके विकत घेण्यापूर्वी हे वीस प्रश्न शोधावेत.

दुसरे कारण कागदपत्रांचे. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाचा दाखला लागतो. ज्यांना आरक्षण लागू आहे त्यांना जात वैधता प्रमाणपत्र व लागू असेल तेथे नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, आर्थिक दुर्बल घटकासाठी त्याचा वेगळा दाखला. निकाल लागल्यावर तहसील कचेरीत धावणाऱ्यांची गर्दी मी पाहिली आहे. दाखल्यासाठी जागा थांबत नाही. ज्याला वर्षभराचा अवधी आहे त्याने हे काम दिवाळीपूर्वी उरकावे.

तिसरे कारण पसंतीक्रमाचे. पुष्कळ पालक मुंबई-पुण्याची चार नावे लिहितात आणि थांबतात. अलिबागेस २०२१-२२ पासून १०० जागांनिशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तेथेही राज्याच्या गुणवत्ता यादीनेच प्रवेश मिळतो, रायगडकर म्हणून नव्हे. दूरची महाविद्यालयेही यादीत घालावीत, शेवटच्या फेरीपर्यंत धीर धरावा, आणि दरवर्षीचे माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचावे, कारण नियम बदलतात.

पेणच्या मूर्तिकारांकडे आपण सर्वांनी लहानपणी तासन् तास उभे राहून पाहिले आहे. वाळताना मूर्तीला भेग पडली तर जाणता कारागीर तिच्यावर रंग चढवीत नाही. भेग ओली करतो, तीत माती भरतो, पुन्हा वाळू देतो, आणि मग रंगाचा कुंचला हाती घेतो. मी माझ्या मुलीच्या भेगेवर वर्षभर रंग चढविला होता.

तिने तिसऱ्यांदा बसावे असे मी म्हणालो नाही. ते तिने ठरविले, आणि दोन अटी तिनेच घातल्या. हे शेवटचे, आणि वर्ष रिकामे ठेवायचे नाही. तिने जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातले. रोज पहाटे दोन तास ती भौतिकशास्त्र घेऊन माझ्यासमोर बसे. फरक एवढाच की फळ्याशी ती उभी राही आणि खाली मी बसे. ती मला शिकवी, आणि जेथे अडे तेथे आम्हा दोघांनाही भेग दिसे. २०२० साल कसे गेले ते आपण जाणताच. मेमधली परीक्षा पुढे गेली, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्याची दैना केली. आमच्या घराचे पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. भिजलेल्या वह्या उन्हात वाळवून तिने अभ्यास केला. १३ सप्टेंबरला परीक्षा झाली. भौतिकशास्त्रात २९ बरोबर, ८ चूक. ३२ चे १०८ झाले.

तेवढ्यानेही जवळपास जागा मिळाली नाही. परंतु त्याच सप्टेंबरात राज्य शासनाने वैद्यकीय प्रवेशातील विभागवार ७०:३० ही पद्धत रद्द केली होती. तिने नवा नियम वाचून विदर्भातील सर्व शासकीय महाविद्यालये यादीत घातली. मी म्हणालो, "इतक्या लांब?" ती म्हणाली, "बाबा, या वेळी यादी माझी आहे." शेवटच्या टप्प्यात तिला त्यांतल्या एका ठिकाणी जागा मिळाली. आज ती डॉक्टर आहे.

ही गोष्ट मी यशाची म्हणून सांगत नाही. तिच्याबरोबर पुन्हा बसलेला रोह्याकडचा एक मुलगा होता. दुसऱ्या निकालानंतर त्याने शांतपणे सांगितले, "माझे मन यात नाही." त्याने रसायनशास्त्र घेतले, आणि आज तो धाटावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत समाधानाने काम करतो. त्याच्या वडिलांनी त्याला एकदाही टोमणा मारला नाही. त्या गृहस्थांना मी माझ्याहून मोठा शिक्षक मानतो. प्रयत्नांच्या संख्येवर आज कायद्याची मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२ मध्ये उठली. म्हणूनच मर्यादा घरात ठरवावी लागते, आणि ती मुलाने ठरवावी. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी हे मार्गही 'नीट'च्याच गुणांवर खुले होतात. ते आवडीने स्वीकारावेत, उरलेला तुकडा म्हणून नव्हे. आणि "पैसे द्या, जागा मिळवून देतो" असे म्हणणाऱ्यास उंबरठ्याबाहेरच ठेवावे. खाजगी महाविद्यालयांतील प्रवेशही 'नीट'च्या गुणवत्तेवरच होतो.

शेवटी आपल्या संघास एक विनंती. आपण यशस्वी मुलांना पेला व पुष्पगुच्छ देतो, ते चालू राहो. परंतु दोन्ही शाखांनी दोन-दोन जाणती माणसे नेमावीत. निकालाच्या दिवसांत ज्याला नकार आला त्याच्या घरी त्यांनी जावे, उत्तरपत्रिका पाहावी, दाखले तपासावेत, पसंतीक्रम लिहिताना शेजारी बसावे. यास निधी लागत नाही, चार संध्याकाळी लागतात. आणि हे काम करताना दारात आलेला मुलगा आपल्या ज्ञातीचा की शेजारच्या आदिवासी वाडीवरचा, हे विचारू नये. त्याच्या घरी तर उत्तरसूची वाचून दाखविणाराही कोणी नसतो. या कामासाठी पेण शाखेतर्फे पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

आणि पालकहो, आज घरी गेल्यावर जो मुलगा वा मुलगी समारंभास आली नाही, तिच्याजवळ बसा. "पुन्हा बसणार का?" हा प्रश्न आज विचारू नका. "कोठे अडले?" एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला ते उत्तर मिळावयास दोन वर्षे लागली. आपणांस एक संध्याकाळ पुरेल.