कादंबरीच्या मागची गोष्ट
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



ब्लास्ट फर्नेसच्या धगीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने साहित्यावर बोलायचे म्हणजे धाडसच. पण आरती आणि प्रसाद भाषणानंतर असल्यामुळे आपण उठून जाणार नाही, या भरवशावर मी उभा आहे.

'मृत्युंजय' मी वाचली ती नाइट शिफ्टच्या दिवसांत. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून हकिगत सांगतात. सकाळी घरी येऊन झोपायचे सोडून मी वाचत बसे आणि सौ.ची बोलणी खाई. पुढे इतका कर्णभक्त झालो, की सेक्शनमध्ये कुणी कर्णाला नाव ठेवले तर चहा टाकून भांडायचो.

मग चिपळूणकर मंडळींच्या मराठी महाभारताचे खंड हाती आले. सभापर्व उघडले आणि हादरलो. भर सभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणणारा कर्ण. तिची आणि पांडवांची वस्त्रे काढून घे, असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच. वनपर्वात घोषयात्रेच्या वेळी गंधर्वांपुढून दुर्योधनाला टाकून पळालेलाही तोच. वृषाली हे नावसुद्धा मुळात नाही. अधिरथाने सूतकुळांतल्या मुली करून दिल्या, एवढाच उल्लेख. मला चक्क फसवल्यासारखे वाटले. कादंबरी माळ्यावर गेली ती सात-आठ वर्षे खाली आली नाही.

चूक माझी होती. मी घाईने वाचत होतो आणि उद्योगपर्व नुसते चाळले होते. कृष्णशिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो, जन्माचे रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. वर विनवतो, की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळले तर तो राज्य घेणार नाही, मला देईल आणि मी ते दुर्योधनाच्या पदरात टाकीन. त्याच संभाषणात तो म्हणतो, की दुर्योधनाला खूष करण्यासाठी पांडवांना जे कठोर बोललो त्याचा आता पश्चात्ताप होतो.

हे वाचले त्या रात्री शिडी लावून 'मृत्युंजय' खाली काढली. पहिल्यांदा वाचताना कादंबरीत जे होते तेवढेच दिसले होते. आता जे नव्हते तेही दिसू लागले. लेखकाने काय मऊ केले, कुठे नवी माणसे आणून बसवली आणि कशासाठी, हे कळून सावंतांविषयीचा आदर वाढलाच. खांडेकरांच्या 'ययाति'चेही तेच. आदिपर्वातला कच देवयानीशी शापांची देवघेव करून निघून जातो; खांडेकर त्याला परत आणतात. तो का आणावासा वाटला, हा प्रश्न मूळ कथा वाचल्याशिवाय पडतच नाही.

आणखी एक गंमत. स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' असे द्रौपदी म्हणते, त्या अपमानावरून तर मी सगळ्यात जास्त भांडलो होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून हस्तलिखिते ताडून पाहिली आणि संशोधित आवृत्ती काढली. तिच्या मूळ पाठात ते वाक्य नाही, तळटीपेत गेले आहे. माझे चहाचे किती कप वाया गेले म्हणायचे!

आपल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. गनियारीच्या तीजनबाई आपल्याच कारखान्यात नोकरीला होत्या. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई. समोरच्या चौपालातल्या म्हाताऱ्यांना पुढे काय होणार हे पाठ असे. म्हणूनच बाई कुठे थांबल्या, कुठे हसल्या, हे त्यांना बरोबर कळे.

आता घरची गोष्ट. आमचा मुलगा दहावीला असताना टोल्कीनचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचत असे. 'भुताखेतांची पुस्तके' म्हणून मी ते कपाटात बंद केले होते. आज तो दूर असतो. रविवारी फोन येतो. जेवलास का, पाऊस आहे का, आणि संपले. मध्यंतरी तो आला तेव्हा त्या पुस्तकाशेजारी त्याच लेखकाचे 'सिल्मरिलियन' दिसले. त्या जगाचे हे आदिपर्वच. लेखक वारल्यावर चार वर्षांनी, १९७७ साली, त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, ते जुळवून छापले. मी दोन्ही वाचायला घेतली. नावे लक्षात राहीनात, वही करावी लागली. कादंबरीत अंधाऱ्या डोंगरात सॅम नावाच्या साध्या नोकराला अचानक उमगते, की आपल्याजवळच्या कुपीतला उजेड त्या पुराणातल्या रत्नाचाच आहे. म्हणजे ती जुनी गोष्ट संपलेलीच नाही, आपण तिच्यातच चालतो आहोत. 'सिल्मरिलियन' वाचून मग त्या पानावर आलो, तर मला जनमेजय आठवला. सर्पसत्रात बसून तो आपल्याच पणजोबांची कथा ऐकत होता.

हे मी मुलाला फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही खरंच वाचलंत?" त्या दिवशी पाऊण तास बोललो. कपाटाचा विषय त्याने काढला नाही, मीच काढला.

गेल्या रविवारी त्याने विचारले, कर्ण-कृष्णाचा तो संवाद नेमका कुठल्या खंडात आहे. खंड स्पीड पोस्टाने पाठवला आहे. पॅकिंग करताना सौ. म्हणाली, "एवढा जाड? तो वाचणार आहे का हे?" म्हटले, वाचेल. खूण म्हणून आत माझीच एक जुनी पे-स्लिप घातली आहे.