वाळू माणसाला गिळते काय?



किनाऱ्यावरच्या वाळूत पाय पडावा, धडपड करावी तसतसे शरीर खोल जावे आणि अखेरीस वर उरावा तो केवळ एक हात. असे दृश्य कथा-कादंबऱ्यांत वाचले नाही किंवा पडद्यावर पाहिले नाही असा माणूस विरळाच. विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मूनस्टोन’मध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील थरथरत्या वाळूला एका दुर्दैवी मोलकरणीचा बळी दिला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या १९६२ सालच्या चित्रपटात तर वाळवंटातच एक मुलगा वाळूत दिसेनासा होतो. या चित्रणाने लोकांच्या मनात एक भय घर करून बसले आहे. दुर्दैव असे की, हे भय चुकीच्या जागी आहे आणि खरा धोका मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

रुतणारी वाळू म्हणजे काय?

ही वाळू म्हणजे वाळूचा काही वेगळा प्रकार नव्हे. ती एक अवस्था आहे. इंग्रजीत तिला ‘क्विकसँड’ म्हणतात. येथे ‘क्विक’ या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा नसून ‘जिवंत’ असा जुना अर्थ आहे. पायाखाली हलणारी म्हणून ती जिवंत वाळू.

ओल्या वाळूवर आपण निर्धास्त उभे राहतो, कारण कण कणाला टेकलेला असतो आणि भार एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जातो. कणांमधील पोकळ्यांत पाणी असते. या पाण्याचा दाब काही कारणाने वाढला, तर ते कणांना उचलू लागते आणि कणांचा परस्परांवरील भार तितका कमी होतो. हा दाब वरील थराच्या संपूर्ण वजनाइतका झाला म्हणजे कणांची पकड सुटते व वाळू द्रवासारखी वागू लागते. कार्ल टरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात या तत्त्वाची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि मृदा-यांत्रिकी या आधुनिक शास्त्राचा पाया घातला.

हे घडण्यास फार मोठी शक्ती लागते असेही नाही. एक मीटर जाडीच्या सैल वाळूतून पाणी खालून वर चढत असेल आणि त्याच्या पातळीत सुमारे एक मीटरचा फरक असेल, तर तेवढाही पुरेसा ठरतो. पाण्याच्या पातळीखाली वाळूत पायाचा खड्डा खणताना तळातून वाळू उसळू लागते, तिचे कारण हेच होय.

प्रयोगशाळेतील निर्णय

माणूस या वाळूत पूर्णपणे बुडतो काय, या प्रश्नाचे उत्तर २००५ साली मिळाले. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डॅनिएल बॉन व त्यांचे सहकारी यांनी इराणमधील कूम शहराजवळच्या खाऱ्या सरोवराकाठची वाळू तपासली. बारीक वाळू, चिकणमाती आणि खारे पाणी यांचे ते मिश्रण होते. स्थिर असताना ते घट्ट भासते. परंतु हादरा बसताच त्याची घट्ट रचना मोडते आणि ते पातळ होते. नंतर वाळूचे कण खाली बसतात व तळाशी अत्यंत दाट थर तयार होतो. पाय अडकतो तो या थरात.

या मिश्रणाची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट, तर मानवी शरीराची घनता साधारणपणे पाण्याइतकीच असते. त्यामुळे माणूस कमरेपर्यंत रुततो आणि तेथेच थांबतो. वाळू त्याला गिळत नाही, ती त्याला तरंगत ठेवते. मात्र रुतलेला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने वर ओढायचा झाल्यास मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतके बल लागेल, असे या संशोधकांनी दाखवून दिले. पाय वर येताच त्याखाली पोकळी निर्माण होते आणि ती भरण्यास पाणी त्या दाट थरातून त्वरेने येऊ शकत नाही, हे यामागचे कारण आहे.

वाळवंटातील कोरड्या वाळूविषयीही असाच गैरसमज आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात २००४ साली अत्यंत बारीक वाळूतून हवा सोडून ती इतकी सैल करण्यात आली की, तीवर ठेवलेला चेंडू आत गेला. परंतु ही किमया प्रयोगशाळेतील होती. वाळवंटातील वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांवर माणूस चालतो, तो बुडत नाही.

खरा मारेकरी कोण?

मग या वाळूत माणसे मरतात ती कशी? याचे उत्तर इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मोरकॅम उपसागरात मिळते. ओहोटीला तेथे सुमारे तीनशे चौरस किलोमीटर वाळू उघडी पडते. केंट व इतर नद्यांचे प्रवाह तीत सतत जागा बदलतात. म्हणून काल भक्कम असलेली वाट आज रुतणारी ठरते. १८५७ साली लोहमार्ग होईपर्यंत घोडागाड्याही या वाळूवरून ये-जा करीत. वाटसरूंना सुखरूप पार नेण्यासाठी सोळाव्या शतकापासून तेथे राजनियुक्त वाटाड्या असतो. सेड्रिक रॉबिन्सन यांनी १९६३ पासून २०१९ पर्यंत हे काम केले. वाळू तपासायची, सुरक्षित वाटेवर झाडाच्या फांद्या रोवायच्या आणि मगच लोकांना न्यायचे, ही तेथील पद्धत.

याच उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणाऱ्या किमान २१ चिनी मजुरांचा अंत झाला. त्यांना गिळले ते वाळूने नव्हे, तर वेगाने चढणाऱ्या भरतीने. परक्या देशातील त्या मजुरांना भरतीच्या वेळेची माहिती देणारा कोणी नव्हता. पुढे त्यांच्या मुकादमास मनुष्यवधाबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली आणि मजूर पुरविणाऱ्यांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा ब्रिटनमध्ये त्याच वर्षी संमत झाला. रुतलेल्या माणसाचा खरा शत्रू म्हणजे वेळ. भरती, थंडी, ऊन आणि एकटेपणा यांनी तो दगावतो.

भूमीच जेव्हा पातळ होते

हेच तत्त्व अधिक भीषण रूपात भूकंपाच्या वेळी प्रकट होते. हादऱ्यांनी पाण्याने भिजलेली सैल वाळू दबू पाहते, पाण्याला निसटण्यास अवधी मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि जमीन द्रवरूप होते. १९६४ साली जपानमधील निगाता शहरात अनेक मजली इमारती न मोडता जशाच्या तशा कलंडल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जागोजागी वाळू व पाणी उसळून वर आले आणि चांग, शिवलखा यांसारखी मातीची धरणे खचली.

पुराच्या वेळी बांधाच्या बाहेरील पायथ्याशी पाणी वाळूसह उसळू लागले तर तोही याच संकटाचा इशारा समजावा. तेथे तोंड बुजविण्याची घाई करू नये; पाणी दुसरीकडून वाट काढते. उसळीभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे उभारून आतील पाण्याची पातळी वाढवावी, म्हणजे दाब घटतो व वाळू वाहून जाणे थांबते. त्याच वेळी अभियंत्यास कळवावे.

काय करावे, काय करू नये

आपल्याकडेही खाडीकाठचा गाळ, ज्याला कोकणात रुपण म्हणतात, आणि उन्हाळ्यात उघडे पडणारे तलावांचे गाळाचे पट्टे माणसांना व जनावरांना अडकवितात. अशा जागा गावकऱ्यांना ठाऊक असतात, नवख्यांना नसतात. म्हणून ग्रामपंचायतींनी तेथे ठळक फलक लावावेत आणि खाडीकाठी भरतीच्या वेळा लिहाव्यात.

अडकलेल्याने प्रथम थांबावे. पाठीवरचे, डोक्यावरचे ओझे टाकून द्यावे. मागे रेलून शरीराचा भार अधिकाधिक जागेवर पसरावा. पाय एकदम न ओढता सावकाश, लहान लहान हालचालींनी हलवावा, म्हणजे त्याभोवती पाणी शिरून वाळू सैल होते. मदतीस जाणाऱ्याने फळी किंवा शिडी आडवी टाकून तीवरूनच पुढे सरकावे. अडकलेल्यास दोर बांधून वाहनाने अथवा बैलांनी ओढणे हा तर अघोरी उपाय होय. त्याने वाळू सुटण्यापूर्वी सांधा निखळतो. प्रशिक्षित पथके पायाजवळ नळीने पाणी सोडून वाळू मोकळी करतात, तीच योग्य रीत.

शाळेत हा विषय एका काचेच्या भांड्यात शिकविता येतो. भांड्यात वाळू भरावी, तीवर एक दगड ठेवावा आणि तळाशी नेलेल्या नळीतून हळूहळू पाणी सोडावे. दगड खाली जाईल. त्याच जागी ठेवलेला लाकडाचा ठोकळा मात्र वर तरंगेल. ज्या मुलाने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, तो खाडीत अडकलाच तर घाबरून जाणार नाही, आणि भरतीची वेळ विचारल्यावाचून तो खाडीत उतरणारही नाही.