मॉलमधल्या लेकीचा पगार कागदावर बघा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेले भाषण)



गटांच्या बैठकांना फिरते तेव्हा हल्ली एक गोष्ट सारखी कानावर येते. "माझी पोरगी नाशिकला मॉलमध्ये लागली." ऐकून बरं वाटतं. द्राक्षबागेत उन्हातान्हात राबण्यापेक्षा सावलीतलं काम चांगलंच. पण मी विचारते, "पगार किती? पीएफ कापतात का?" तर उत्तर येतं, "ते काय माहीत नाही बाई. महिन्याला पैसे आणून देते."

हे काम मीही केलंय. बीएसडब्ल्यू झाल्यावर पुढच्या फीसाठी सात महिने एका मोठ्या दुकानात बिलिंगला उभी होते. नाव घेत नाही. मला दुकानाने नाही, ठेकेदाराने ठेवलं होतं. सही एका आकड्यावर, हातात त्याहून कमी. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. रात्री गल्ल्यात पैसे कमी आले की आमच्याकडून वसूल. पगारवाढ मागितली तर साहेब म्हणाले, "लोक मोबाईलवरून मागवतात, धंदा कुठंय?" आणि त्याच मोबाईलवरच्या ऑर्डरी पिशव्यांत भरायचं जादा कामही आमच्याच गळ्यात. त्यात शेवटची एसटी चुकायची.

ऑनलाईनची स्पर्धा खरी आहे. मोठी दुकानंही बसतात. बिग बझारसारखं नाव कर्जात बुडालं आणि २०२२ मध्ये संपलं. स्वस्त विकायचं तर खर्च कमी करावा लागतो. दुकानाचं भाडं, वीजबिल कमी होत नाही, मग कात्री पगाराला लागते. पण किमान वेतन सरकार ठरवतं. महाराष्ट्रात त्यातला महागाईचा भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. धंदा कमी झाला म्हणून त्याखाली पगार देता येत नाही. जो धंदा किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्कच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच सांगून ठेवलंय.

लेकीला तीन गोष्टी विचारा.

पहिली, पगाराची स्लिप. कागदावरचा आकडा आणि बँकेत आलेला आकडा ताडून बघा. रोख देत असतील तर का, ते विचारा.

दुसरी, पीएफचा यूएएन नंबर. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. तिच्या पगारातून कापलं तेवढंच मालकानेही भरायचं असतं. उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं.

तिसरी, ईएसआयचं कार्ड. पगार २१,००० पर्यंत असेल तर हे मिळायला पाहिजे. १२,००० पगारावर तिचे फक्त ९० रुपये जातात, मालक ३९० भरतो. त्यावर सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात तिला उपचार मिळतात, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही. म्हणजे मावशी, तुमच्या गुडघ्याचा इलाज त्या कार्डात असू शकतो, आणि आपण गटातून दवाखान्यासाठी कर्ज काढतो!

आता तुम्ही म्हणाल, पोरगी बोलली तर कामावरून काढतील. भीती खरी आहे. मीसुद्धा तेव्हा गप्पच बसले, कारण मी एकटी होते. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नव्हते. कोझिकोडच्या बायका एकत्र आल्या, वर्षानुवर्षं लढल्या. २०१८ मध्ये तिथं कायदा बदलला आणि दुकानात बसायची सोय देणं मालकाला बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. एकटीने हे झालं नसतं.

एकत्र बसणं तर आपल्याला शिकवायला नको. ज्यांच्या लेकी-सुना मॉलमध्ये, गोडाऊनमध्ये कामाला आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला स्लिप आणा. नसेल तर "नाही" म्हणून सांगा, तीही माहितीच आहे. आपण सगळ्या मिळून वाचू. गडबड दिसली तर एकट्या पोरीला पुढं न करता, चार-पाच जणींचा अर्ज घेऊन नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊ. मी सोबत येईन.

गटाच्या वहीत आपण दहा रुपयांचाही हिशेब चुकू देत नाही. मग लेकीच्या घामाचा हिशेब का सोडायचा?